ऑनलाइन बीजगणिताचे पहिले तीन आठवडे

आपल्या वसतिगृहातून दहावी होऊन बाहेर पडलेले विद्यार्थी आज अभियांत्रिकी, विज्ञान, वाणिज्य आणि संगणक या शाखांत शिकत आहेत. त्यांतील अनेकांना पहिल्या-दुसऱ्या वर्षी गणिताचा एखादा ऑनलाइन अभ्यासक्रम घ्यावा लागतो. कधी महाविद्यालय तो श्रेयांकांसाठी सुचवते, तर कधी अकरावीला सोडून दिलेले गणित पुन्हा हाती धरण्याची वेळ येते. ऐरोली परिसरात राहणाऱ्या अशा विद्यार्थ्यांना आम्ही काही माजी विद्यार्थी सुटीच्या दिवशी भेटत असतो. या भेटींतून आमचे एक मत पक्के झाले आहे. अभ्यासक्रम सोडणारी मुले शेवटचे धडे अवघड जातात म्हणून सोडत नाहीत. ती पहिल्या तीन आठवड्यांतच, कोणालाही न सांगता, थांबतात. म्हणून हा लेख आरंभापुरताच आहे.

प्रथम व्यवस्था समजून घेऊ. केंद्र शासनाचे ‘स्वयम्’ हे व्यासपीठ ९ जुलै २०१७ रोजी सुरू झाले. त्यावरील गणिताचे बरेच अभ्यासक्रम आयआयटी व भारतीय विज्ञान संस्था यांच्या ‘एनपीटीईएल’ या उपक्रमातून येतात. जानेवारी आणि जुलै अशी दोन सत्रे असतात. नावनोंदणी आणि शिकणे विनामूल्य आहे. शुल्क पडते ते प्रमाणपत्राची परीक्षा देणाऱ्यास. ‘फॉर्म भरून देतो’ म्हणून नावनोंदणीचेच पैसे कोणी मागितले, तर ते देऊ नयेत. परीक्षा शुल्कात अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना सवलत मिळते. त्यासाठी जातीचे प्रमाणपत्र स्कॅन करून आधीच तयार ठेवावे. नोंदणीतील नाव ओळखपत्रावरील नावाशी जुळलेले असावे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनुसार सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम अशा मार्गाने पूर्ण करता येतात. मात्र आपले महाविद्यालय नेमका कोणता अभ्यासक्रम मान्य करते, हे प्राध्यापकांना नोंदणीपूर्वी विचारलेले बरे.

आता गुणांचा हिशेब, कारण गळतीचे एक मोठे कारण येथेच दडले आहे. एनपीटीईएलच्या अभ्यासक्रमात सर्वसाधारणपणे दर आठवड्याच्या स्वाध्यायांना मिळून २५ गुण आणि शेवटच्या परीक्षेला ७५ गुण असतात. प्रमाणपत्रासाठी स्वाध्यायांत किमान १० आणि परीक्षेत किमान ३० गुण लागतात. बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात बारा स्वाध्यायांपैकी सर्वोत्तम आठच धरले जातात. म्हणजे पहिले दोन चुकले, तरी हाती दहा राहतात आणि त्यांतले आठच लागतात. हे ठाऊक नसलेला विद्यार्थी दुसरी मुदत हुकली की ‘आपले संपले’ असे समजतो आणि ते पान पुन्हा उघडत नाही. अभ्यासक्रमाची माहिती देणारे पहिले पान नीट वाचण्यास अर्धा तास लागतो. तो अर्धा तास आमच्या मते पहिल्या व्याख्यानाहूनही मोलाचा आहे. सर्व अंतिम तारखा वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घ्याव्यात.

कोणता अभ्यासक्रम निवडावा? अकरावी-बारावीला गणित नसेल, तर थेट ‘लिनिअर अल्जिब्रा’त उडी घेऊ नये. बालभारतीचे नववी-दहावीचे ‘गणित भाग १’ संकेतस्थळावर विनामूल्य मिळते; तेच पुन्हा सोडवावे. महाविद्यालयीन विद्यार्थ्याला यात कमीपणा वाटतो, पण वाटू देऊ नये. आपली तयारी तपासण्यासाठी तीन प्रश्न पुरतात. ७ − (क्ष − ४) याचे उत्तर काय? ते ११ − क्ष आहे. ३ − क्ष लिहिणारे बरेच असतात. (क्ष + ३) याचा वर्ग किती? क्ष-वर्ग + ६क्ष + ९. मधले पद विसरले जाते. ९ + १६ या बेरजेचे वर्गमूळ किती? ५, ७ नव्हे.

या चुका क्षुल्लक वाटतात, पण पुढे त्याच आडव्या येतात. उदाहरणार्थ, २क्ष + ३य = १२ आणि २क्ष − य = ४ ही समीकरणे घ्या. पहिल्यातून दुसरे वजा केले की दुसऱ्यातील प्रत्येक पदाचे चिन्ह बदलते; म्हणून ४य = ८, य = २ आणि क्ष = ३. ज्याने ‘३य वजा य’ असे केले त्याला २य = ८, म्हणजे य = ४ मिळते. ही किंमत पहिल्या समीकरणात घातली तर क्ष = ० येतो, आणि ते समीकरण बिनबोभाट जुळते! दुसऱ्यात घातल्यावरच चूक उघडी पडते. वर्गात बाई वहीवर लाल शाईने खूण करीत. ऑनलाइन अभ्यासात उत्तराचा पडताळा सर्व समीकरणांत घेणे हे आपलेच काम होते.

‘क्ष’चे भय मात्र निष्कारण आहे. अज्ञात संख्येला नाव देण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात ‘बीजगणित’ लिहिले, त्यात पहिल्या अज्ञाताला ‘यावत्तावत्’, म्हणजे ‘जितके असेल तितके’, आणि पुढच्यांना कालक, नीलक अशी रंगांची नावे आहेत. नाव कोणतेही द्या, कृती बदलत नाही.

उत्तर टंकलिखित करताना एक नवीच अडचण येते. वहीत आपण आडवी रेघ मारून अपूर्णांक लिहितो. पडद्यावर सारे एकाच ओळीत येते. (क्ष + १)/२ आणि क्ष + १/२ यांतील फरक कंसाचाच आहे. क्ष = ३ असेल तर पहिल्याचे उत्तर २ आणि दुसऱ्याचे साडेतीन. उत्तर दशांशात मागितले आहे का, किती स्थळांपर्यंत, हेही वाचून घ्यावे.

भाषेची अडचण खरी आहे. दहावीपर्यंत जे मराठीत शिकलो तेच इंग्रजी नावाने समोर येते: बहुपदी म्हणजे पॉलिनॉमिअल, सहगुणक म्हणजे कोइफिशंट, निश्चयक म्हणजे डिटरमिनंट, चल म्हणजे व्हेरिएबल. वहीच्या मागच्या पानावर अशी जोडी रोज दोन-तीन लिहावी. व्याख्यान सिनेमासारखे सलग पाहू नये. प्राध्यापकांनी उदाहरण मांडले की चित्रफीत थांबवावी, स्वतः सोडवावे, मग पुढे जावे. त्यामुळे अर्ध्या तासाच्या व्याख्यानाला दीड तास लागला, तर त्यात बिघडले काही नाही.

वसतिगृहात घंटा होती, अभ्यासिकेत हजेरी होती. येथे कोणी हाक मारणारे नाही. मुंबईत १९४६ साली सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून सकाळचे वर्ग ठेवण्यात आले होते. ऑनलाइन शिक्षणात वेळ आपली आपण ठरवायची, आणि अवघड तेच आहे. आयटी पार्कमध्ये पाळीने काम करणाऱ्याने पाळी बदलली तरी बदलणार नाही असा एक तास शोधावा. घर लहान असेल, तर ऐरोलीतच सेक्टर १५ मधील भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्मारकाचे ग्रंथालय आहे. पालकांना एक विनंती: मोबाइल हाती दिसला की तो खेळच असेल, असे गृहीत धरू नये. बीजगणित येत नसलेली आईही ‘या आठवड्याचा स्वाध्याय दिलास का?’ एवढे विचारू शकते. आणि ज्या माजी विद्यार्थ्यांना रविवारचा एक तास देता येईल, त्यांनी शाळेच्या कार्यालयात नाव कळवावे. येत्या सत्रात प्रत्येक नवागताला दुसऱ्या आणि तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी एकदा फोन करण्याचे आम्ही ठरविले आहे. त्यासाठी माणसे हवी आहेत.