तलवार की लांब भाला?

बुद्धिबळाच्या पटावरील सर्वांत साधा मोहरा म्हणजे प्यादे. ते हळूहळू पुढे सरकते; मागे कधीच वळत नाही. परंतु हेच प्यादे प्रतिपक्षाच्या शेवटच्या रांगेपर्यंत सुखरूप पोहोचले, तर त्याला बढती मिळते. वजीर, हत्ती, उंट किंवा घोडा यांपैकी काहीही होण्याची त्याला मुभा असते. नियम असा चार वाटा दाखवितो. खेळणारा मात्र बहुधा एकच वाट धरतो. हत्ती सरळ चालतो, उंट तिरपा चालतो, आणि वजिराला या दोन्ही चाली येतात. मग वजीर मिळत असताना हत्ती किंवा उंट कोण मागेल? एखादे वेळी घोड्याच्या अडीच घरांच्या चालीने शह बसत असेल, किंवा वजीर केल्यामुळे प्रतिपक्षाच्या राजाची कोंडी होऊन डाव बरोबरीत सुटणार असेल, तरच चतुर खेळाडू दुसरी निवड करतो. एरवी ही निवड नावापुरतीच असते.

बुद्धिबळाचे यामुळे काही बिघडत नाही. दोन्ही बाजूंचे सैन्य सारखे असते आणि वजीर मिळविण्याची संधीही सारखी असते. परंतु ज्या खेळात दोन्ही सैन्ये निरनिराळी असतात आणि प्रत्येक सैनिकापुढे बढतीच्या अनेक वाटा असतात, त्या खेळाच्या रचनाकारापुढे एक कठीण प्रश्न उभा राहतो. सगळ्या वाटा निवडण्याजोग्या कशा ठेवाव्यात? एक वाट सदैव श्रेष्ठ ठरली, तर बाकीच्या वाटा असून नसल्यासारख्याच! या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी संगणकावरील एका खेळाचे उदाहरण उपयोगी पडेल.

'बॅटल फॉर वेस्नॉथ' हा खेळ डेव्हिड व्हाइट यांनी सुरू केला आणि तो २००३ साली प्रथम लोकांपुढे आला. तो विनामूल्य आहे. वेस्नॉथ हे एक काल्पनिक राज्य. तेथे माणसांच्या जोडीला वनवासी एल्फ, पंख असलेले ड्रेक आणि रात्री उठून लढणारे सांगाडेही आहेत. रणभूमी षट्कोनी घरांची असते आणि दोन्ही बाजू आळीपाळीने आपले सैनिक हलवितात. प्रत्येक सैनिकाला प्राणबळाचे काही अंक दिलेले असतात. वार बसला की ते कमी होतात आणि संपले की सैनिक पडतो. वार बसेल की चुकेल, हे बहुधा ज्याच्यावर वार होतो तो कोणत्या भूमीवर उभा आहे यावर अवलंबून असते. मोकळ्या मैदानात उभ्या असलेल्या भालाईताला शंभरांपैकी ६० वार लागण्याचा संभव असतो. तोच खेड्याच्या आश्रयाला असला, तर ४०. लढता लढता सैनिकाला अनुभव मिळतो आणि पुरेसा अनुभव जमला की तो वरच्या श्रेणीत चढतो. चढताना त्याच्या जखमा भरून येतात. मात्र कोणती वाट धरावयाची, हे त्याच क्षणी ठरवावे लागते. एकदा धरलेली वाट पुन्हा बदलता येत नाही.

माणसांच्या सैन्यातील साधा भालाईत घ्या. खेळाच्या १.१६ या आवृत्तीत त्याची किंमत १४ सुवर्णमुद्रा आणि प्राणबळ ३६ आहे. त्याच्यापुढे तीन वाटा असतात. तो भाला टाकून तलवार घेऊ शकतो. अधिक लांब भाला घेऊ शकतो. किंवा भाला फेकण्याच्या कलेत प्रवीण होऊ शकतो. पहिल्या दोन वाटांची तुलना करून पाहू. दोन्हींत प्राणबळ सारखेच, म्हणजे ५५ होते. तलवारीचे एका चकमकीत ८ अंकांचे ४ वार होतात, तर लांब भाल्याचे १० अंकांचे ३ वार. गुणाकार केला तर एकीकडे ३२ आणि दुसरीकडे ३०. एवढ्यावर निकाल द्यावयाचा असता, तर तलवार दोन अंकांनी जिंकली असती.

परंतु समोर शत्रू कोण आहे, हे या गणितात आलेलेच नाही. समजा, समोर सांगाडा आहे. सांगाड्याला मांसच नसल्यामुळे भोसकणारे शस्त्र त्याच्या फासळ्यांमधून आरपार जाते; भाल्याच्या घावातील शेकडा ६० भाग वाया जातो. तलवारीचा मात्र शेकडा ४० भागच वाया जातो. आता तलवारीचा प्रत्येक वार सुमारे ५ अंकांचा आणि भाल्याचा ४ अंकांचा झाला. चारही वार बसले तर तलवार २० अंक कमी करील. तीनही वार बसले तर भाला केवळ १२. दोन अंकांचे अंतर आठांवर गेले.

आता समोर घोडेस्वार आहे असे माना. घोडेस्वाराच्या अंगावर चिलखत असते. तलवारीच्या घावातील शेकडा ३० भाग ते अडविते. परंतु धावून येणारा घोडा स्वतःच्याच वेगाने भाल्याच्या टोकावर आदळतो, म्हणून भाल्याचा घाव शेकडा २० नी वाढतो. तलवारीचा वार सुमारे ६ अंकांचा आणि भाल्याचा १२ अंकांचा झाला. चार वारांचे २४, तीन वारांचे ३६. मघाशी मागे पडलेला भाला आता बारा अंकांनी पुढे गेला! शस्त्रे तीच होती आणि ती चालविणारे हातही तेच होते. शत्रू बदलला, म्हणून श्रेष्ठपणही बदलले.

तुलना येथेही संपत नाही. लांब भाल्याच्या शिपायाला शत्रूने हल्ला केला, तरी पहिला वार याचाच होतो. तलवार घेतली की हा अधिकार जातो. तलवारधाऱ्याचे शरीर तलवारीचे आणि गदेचे घाव अधिक सोसते, परंतु बाणाचा आणि भाल्याचा घाव त्याला शेकडा २० नी जास्त लागतो. लांब भाल्याच्या शिपायाला मात्र असे भोसकणारे घाव शेकडा ४० नी कमी लागतात. शिवाय साधा भालाईत असताना जो एक भाला दूरवर फेकता येत होता, तो या दोन्ही वाटांवर हरवतो. तो कायम राहतो, किंबहुना वाढतो, तो तिसऱ्या वाटेवर. तेथे दुरून ११ अंकांचे २ भाले फेकता येतात; परंतु प्राणबळ ४८ वरच थांबते आणि त्यापुढची श्रेणीही नाही. प्रत्येक वाटेवर काही मिळते आणि काही सोडावे लागते.

दुसरे उदाहरण एल्फांचे. त्यांच्या साध्या योद्ध्याला नायक होता येते किंवा वीर होता येते. वीराचे प्राणबळ ५१ आणि तलवारीचे ८ अंकांचे ४ वार, म्हणजे ३२. नायकाचे प्राणबळ ४७ आणि ७ अंकांचे ४ वार, म्हणजे २८. त्याचे धनुष्यही वीराच्या धनुष्यापेक्षा दुबळे. मग नायक का निवडावा? कारण नायकाच्या शेजारच्या घरात उभा असलेला खालच्या श्रेणीचा सोबती शेकडा २५ नी अधिक जोराने लढतो. साध्या योद्ध्याचा ५ अंकांचा वार त्यामुळे ६ अंकांचा होतो आणि त्याच्या चार वारांची बेरीज २० वरून २४ वर जाते. म्हणजे एका सोबत्याच्या हातून नायक ४ अंक मिळवून देतो. आणि वीर स्वतः नायकापेक्षा ४ अंकच अधिक मारतो. सोबती एक असेल तर पारडी समान झाली. दोन किंवा तीन असतील तर नायक सरस. सैनिकाला एकट्यानेच दूरची खिंड राखावयाची असेल, तर वीरच हवा. सोबती नायकाच्या श्रेणीला पोहोचले की नायकाचे हे साहाय्य त्यांना मिळत नाही, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

जादूगारापुढील निवड याहूनही बोलकी आहे. लाल जादूगार झाल्यास तो अग्नीचे ८ अंकांचे ४ प्रहार करतो. शुभ्र जादूगार झाल्यास प्रकाशाचे ९ अंकांचे ३ प्रहार करतो. परंतु त्याचे खरे मोल त्याच्या प्रहारात नाही. शेजारी उभ्या असलेल्या जखमी सोबत्यांचे प्राणबळ तो दर पाळीला ८ अंकांनी वाढवितो आणि विषबाधाही उतरवितो. स्वतःची जखम मात्र त्याला भरता येत नाही, आणि त्याचे प्राणबळ अवघे ३५ असते. लाल जादूगाराचे ४२. इतरांना जगविणारा हा शुभ्र जादूगार इतरांनीच राखावा लागतो. त्याला उघड्यावर एकटा सोडणारा सेनापती त्याला आणि त्याच्या आधाराने उभ्या असलेल्या सर्वांना गमावून बसतो.

अशा रचनेला समतोल असे म्हणतात. समतोल म्हणजे सर्वांना सारखे करणे, असा एक समज आहे. पण सगळे सैनिक एकसारखे केले, तर निवडीत अर्थच उरणार नाही. तराजूच्या एका पारड्यात लोखंड आणि दुसऱ्यात कापूस असला, तरीही काटा मध्यावर उभा राहू शकतो. वस्तू निरनिराळ्या असतात, वजन सारखे असते. त्याचप्रमाणे येथे गुण निरनिराळे ठेवून त्यांचे मोल जुळविलेले असते. हे मोल जुळविण्याची साधनेही अनेक आहेत. माणसांचे सैन्य दिवसा शेकडा २५ नी अधिक आणि रात्री तितकेच कमी बळाने लढते. सांगाड्यांचे नेमके उलट. बढती मिळालेला सैनिक पोसणेही महाग पडते. सामान्यतः ताब्यातील प्रत्येक खेडे एका श्रेणीचा भार उचलते. भार त्याहून वाढला, तर प्रत्येक जादा श्रेणीमागे दर पाळीला एक सुवर्णमुद्रा मोजावी लागते. म्हणून मोजक्याच खेड्यांच्या बळावर बड्या सैनिकांची फौज फार काळ उभी ठेवता येत नाही.

असा समतोल एकदाच साधून कायमचा टिकत नाही. हजारो लोक खेळू लागले की रचनाकाराला न दिसलेली एखादी फट कोणाला तरी सापडते. मग जो तो तोच सैनिक निवडू लागतो आणि बाकीचे सैनिक विस्मृतीत जातात. अशा वेळी पुढच्या आवृत्तीत किमती आणि अंक बदलावे लागतात. हे बदल बेताचे असावे लागतात. कारण एका सैनिकाचे बळ थोडे वाढविले, तरी त्याच्याशी लढणाऱ्या प्रत्येकाचे मोल हलते. समतोल ढळलेल्या खेळात हरणाऱ्याची बुद्धी कमी पडलेली नसते. त्याच्या हाती हलके माप आलेले असते. आणि जिंकणाऱ्यालाही आपला विजय खरा की मापाचा, हे कळत नाही.

परंतु समतोल राखणे हे रचनाकाराचे काम झाले. निवड करणे हे खेळणाऱ्याचेच काम आहे. समजा, रात्र जवळ येत आहे. समोर सांगाड्यांचे सैन्य आहे. त्यांत काही खड्ग घेतलेले, तर काही धनुर्धारी. अशा वेळी एक भालाईत बढतीला येतो. त्याच्या हाती तलवार दिली, तर खड्गधारी सांगाड्यांशी तो चांगला झुंजेल. परंतु धनुर्धारी सांगाड्याचे तीनही बाण लागले, तर त्याचे २१ अंक जातील. लांब भाला दिला, तर तेच तीन बाण १२ अंकच नेतील. परंतु त्याच्या भाल्याचे घाव सांगाड्यांना जेमतेम जाणवतील. बाणांना उत्तर दोघांपैकी एकालाही देता येणार नाही. येथे तयार उत्तर कोणत्याही कोष्टकात सापडत नाही. सेनापतीने सभोवार पाहिले पाहिजे. सांगाडे जाळणारा जादूगार जवळ असेल, तर भालाईताने बाण झेलीत आघाडी धरून ठेवली तरी पुरे. मारण्याचे काम जादूगार करील. तसा कोणी नसेल, तर तलवारीवाचून गत्यंतर नाही.

म्हणून दोन गुणांची तुलना करताना 'अधिक बलवान कोण?' एवढेच विचारून भागत नाही. कोणाविरुद्ध, कोणत्या भूमीवर, कोणाच्या साथीने आणि कोणत्या किमतीला, हेही विचारावे लागते. ज्याने हे प्रश्न विचारले, त्याला आकड्यांचा उपयोग झाला. ज्याने केवळ मोठा आकडा पाहिला, त्याला सांगाड्यांपुढे भाला घेऊन उभे राहण्याची पाळी केव्हा ना केव्हा येतेच.