आयकर रिटर्न ‘सदोष’ ठरले? १५ दिवसांत असे करा दुरुस्त

जळगाव/धुळे : रिटर्न भरले, ई-व्हेरिफायही झाले. आता रिफंडची वाट पाहायची, असे वाटत असतानाच मेल येतो : ‘तुमचे रिटर्न सदोष आहे.’ अनेक जण घाबरतात, काही जण मेल उघडतच नाहीत. खरे तर ही दंडाची नोटीस नाही, चूक दुरुस्त करण्याची संधी आहे. मात्र ती ठरावीक मुदतीपुरतीच असते.

नोटीस कोण पाठवते?
रिटर्नची छाननी बेंगळुरूच्या केंद्रीय प्रक्रिया केंद्रात (सीपीसी) संगणकावर होते. माहिती अपुरी किंवा विसंगत आढळली, तर १९६१ च्या आयकर कायद्यातील कलम १३९(९) नुसार नोटीस निघते. तिचे उत्तरही पोर्टलवरच द्यायचे असते. त्यासाठी जळगाव किंवा धुळ्याच्या आयकर कार्यालयात चकरा मारण्याची गरज नाही.

चूक कुठे होते?

टीडीएस पूर्ण, उत्पन्न अर्धे : समजा, ठिबक संच बसवणाऱ्या कंत्राटदाराचे वर्षाचे बिल १२ लाखांचे आहे. कंपनीने १ टक्का, म्हणजे १२ हजार रुपये टीडीएस कापला. मार्चचे ३ लाख एप्रिलमध्ये हाती आले, म्हणून त्याने रिटर्नमध्ये ९ लाखच दाखवले. टीडीएस मात्र पूर्ण १२ हजार मागितला. फॉर्म २६एएसमध्ये १२ लाख दिसतात आणि रिटर्न अडकते. उपाय दोन : १२ लाख दाखवावेत किंवा ३ लाख पुढच्या वर्षी धरायचे असतील, तर त्यावरचा ३ हजारांचा टीडीएसही पुढे न्यावा.

फॉर्म चुकीचा : नोकरीसोबत विमा एजन्सी असेल, तर आयटीआर-१ चालत नाही. कमिशनच्या उत्पन्नाला कलम ४४एडीची अंदाजित नफ्याची सवलत नाही, त्यामुळे आयटीआर-४ सुद्धा चुकतो. आयटीआर-३ भरावा लागतो. दलालीचेही तसेच.

शेतीचे उत्पन्न : रावेर-यावल पट्ट्यात पगारदाराच्या घरी केळीची बाग असणे नवे नाही. शेतीचे उत्पन्न करमुक्त असले, तरी ते ५ हजारांपेक्षा जास्त असल्यास आयटीआर-१ भरता येत नाही. ते ५ लाखांवर गेले, तर जमिनीचा जिल्हा, पिनकोड, क्षेत्र, मालकीची की भाड्याची, बागायती की जिरायती हा तपशीलही द्यावा लागतो.

दुरुस्ती कशी कराल?
१. पोर्टलवर लॉगिन करून ‘पेंडिंग ॲक्शन्स’मधील ‘ई-प्रोसिडिंग्ज’ उघडा.
२. नोटीस डाउनलोड करा. मेलवर आलेल्या फाइलचा पासवर्ड म्हणजे लहान अक्षरांतील पॅन आणि त्यापुढे जन्मतारीख.
३. नोटिशीतील कारण २६एएस आणि वार्षिक माहिती पत्रकाशी (एआयएस) ताडून पाहा.
४. चूक मान्य असेल तर ‘ॲग्री’ निवडा आणि दुरुस्त रिटर्न भरा. कलम १३९(९), नोटीस क्रमांक, तारीख आणि मूळ पोचपावती क्रमांक अचूक टाका.
५. चूक नसेल तर ‘डिसॲग्री’ निवडून कारण द्या.

एकदा पाठवलेले उत्तर बदलता किंवा मागे घेता येत नाही. त्यामुळे बटण दाबण्याआधी आकडे पुन्हा तपासा. सीए किंवा कर सल्लागाराला अधिकृत प्रतिनिधी नेमूनही उत्तर देता येते.

मुदत किती?
नोटीस मिळाल्यापासून १५ दिवस. कागदपत्रे जमायला वेळ लागत असेल, तर मुदत संपण्यापूर्वी पोर्टलवरच वाढ मागा. सुधारित रिटर्नची मुदत शिल्लक असेल, तर तोही मार्ग खुला असतो. ती संपली असेल, तर नोटिशीला उत्तर देणे हाच पर्याय उरतो.

दुर्लक्ष केले तर?
रिटर्न अवैध ठरते, म्हणजे ते भरलेच नव्हते असे धरले जाते. पुन्हा भरायची वेळ आली, तर विलंब शुल्क ५ हजारांपर्यंत (उत्पन्न ५ लाखांपर्यंत असल्यास १ हजार) लागते. धंद्यातील तोटा पुढे ओढता येत नाही. सर्वांत मोठा फटका रिफंडला बसतो. नंतर चार वर्षांपर्यंत अद्ययावत रिटर्न (आयटीआर-यू) भरता येते, पण त्यातून रिफंड मागता येत नाही. मग विलंब माफीचा अर्ज करावा लागतो आणि तो मंजूर होईलच असे नाही. कर्जासाठी बँकेने रिटर्न मागितले, तर अवैध रिटर्नची पोचपावती उपयोगी पडत नाही.

बनावट मेलपासून सावध
‘रिफंड अडकला आहे, लिंकवर क्लिक करा’ असे मेसेजही फिरतात. खऱ्या नोटिशीवर दस्तऐवज ओळख क्रमांक (डीआयएन) असतो. पोर्टलवर लॉगिन न करताही तो पडताळता येतो. ओटीपी किंवा पासवर्ड कुणालाही सांगू नका. रिटर्न भरताना सल्लागाराचा मोबाइल क्रमांक किंवा ई-मेल दिला असेल, तर तो आजच बदलून स्वतःचा टाका. नाहीतर नोटीस त्याच्याकडे जाते आणि १५ दिवस तुमचे संपतात.