माया असली की शीण होत नाही?

कर्करोगाने अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या समाचाराला येणारे आप्तेष्ट निरोप घेताना, उशाशी रात्रंदिवस राबणाऱ्या त्याच्या पत्नीला, मुलीला अथवा भावाला जे एक वाक्य हमखास ऐकवतात ते असे, की मनापासून सेवा केली म्हणजे तिचा शीण होत नाही. हे वाक्य सद्भावनेने उच्चारले जाते याविषयी संशय नाही; परंतु त्याचा उलट अर्थ ऐकणाऱ्याच्या मनात न सांगता उभा राहतो, आणि जिला कित्येक रात्री सलग झोप नाही, अन्नावरची वासना उडाली आहे, डोळ्यांचे पाणी खळत नाही, अशी बाई आपला शीण म्हणजे आपल्याच मायेतील खोट असे समजून तो मुकाट्याने लपवू लागते. इतक्या अपायकारक समजुतीला सुभाषिताचा मान मिळावा याचा मला मनस्वी संताप येतो.

वस्तुस्थिती अशी, की कर्करुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या एकवीस हजारांहून अधिक कुटुंबीयांविषयीचे ३० अभ्यास एकत्र करून ‘मेडिसिन’ या नियतकालिकाने २०१८ साली जे विश्लेषण प्रसिद्ध केले, त्यात नैराश्याचे प्रमाण सुमारे ४२ टक्के आढळले. अशी मोजणी बहुधा प्रश्नावलीवरून होते, तेव्हा यांपैकी प्रत्येकाला रोगच जडला होता असे म्हणता येणार नाही, हे मान्य करूनही या सर्वांची माया पातळ होती असे म्हणण्यास कोणी धजेल काय? उलट, रुग्णाशी पती-पत्नीचे नाते असणे, झोप बिघडणे, पैशाची चणचण आणि शुश्रूषेचा लांबत जाणारा काळ, यांच्याशीच नैराश्याचा संबंध त्यात दिसून आला. नाते सलोख्याचे असेल तर मनाला काही बळ लाभते हे खरे. परंतु बळ लाभणे निराळे आणि शिणातून सूट मिळणे निराळे.

तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेला रोगी घरी आला म्हणजे काय होते ते पाहावे. नाकातून जठरात सोडलेल्या नळीवाटे, दर दोन-तीन तासांनी, गाळून पातळ केलेले अन्न मोठ्या सिरिंजने हळूहळू सोडायचे, मग पाण्याने नळी स्वच्छ करायची, रोग्याला काही वेळ टेकून बसते ठेवायचे, तोंडातील स्राव पुसायचा, जखमेकडे पाहायचे, आणि हे होते न होते तोच पुढच्या खेपेची तयारी. त्यातच महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या मंजुरीसाठी शिधापत्रिका, दाखले आणि तपासण्यांचे कागद सांभाळायचे. गाव सोडून परळच्या टाटा रुग्णालयात येणाऱ्या आणि दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी मुक्काम करणाऱ्या कुटुंबांत तर रजा संपलेली, मजुरी बुडालेली आणि मुले कोणाच्या तरी हवाली केलेली असतात. अशा स्थितीत मन खचले तर त्यात नवल कोणते? तुटलेल्या झोपेची भरपाई शरीर मायेच्या हिशेबात वळती करून घेत नाही.

दुःख आणि नैराश्य यांत मात्र भेद केला पाहिजे. दुःख येते, ओसरते, मधूनच नातवाच्या बोलण्यावर हसूही येते; पण दोन आठवडे जवळजवळ रोज, दिवसाचा बहुतेक वेळ मन उदास राहिले, कशातच गोडी वाटेनाशी झाली, आणि झोप, भूक व एकाग्रता बिघडून आपण निरुपयोगी आहोत असे वाटू लागले, तर तो उपचारास पात्र असा आजार समजावा. जीव नकोसा झाल्याचा विचार डोकावला तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

आता उरलेल्या समजुती. पुरुष खंबीर असतात म्हणावे, तर डेन्मार्कमध्ये स्तनाच्या कर्करोगाने पीडित स्त्रियांच्या वीस हजारांवर सहचरांची नोंद तपासून २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, नैराश्यासारख्या विकारांसाठी इस्पितळात दाखल होण्याचा धोका त्यांच्यात इतर पुरुषांहून ३९ टक्के अधिक आढळला. रोगी बरा झाला अथवा निवर्तला की हे नैराश्य आपोआप संपते, असेही नाही. कित्येकदा धावपळ थांबल्यावरच ते वर येते. नैराश्यावरील नेहमीच्या औषधांचे व्यसन लागत नाही. त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि ती डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू बंद करावी लागतात, इतकेच. आणि शुश्रूषा करणाऱ्याने स्वतःसाठी मदत मागणे हा स्वार्थ, ही समजूत तर टाकूनच द्यावी: अशा कुटुंबीयांना शिक्षण व समुपदेशन देणाऱ्या २९ प्रयोगांचा २०१० साली एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा त्यांचा भार हलका झाल्याचे आणि प्रसंगाला तोंड देण्याची त्यांची शक्ती वाढल्याचे दिसले.

समाचाराला जाणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, की सेवेची थोरवी सांगण्याऐवजी एखाद्या रात्रीची पाळी आपल्याकडे घ्यावी, आणि रोग्याइतक्याच आस्थेने, त्याच्या अपरोक्ष, सांभाळणाऱ्या माणसाला ‘तुम्हाला झोप लागते का?’ असे विचारावे. उत्तर नकारार्थी आले तर केंद्र सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक लिहून द्यावा. तो विनामूल्य आहे, रात्रंदिवस चालू असतो आणि त्यावर मराठीतून बोलता येते.