संगणकावर चित्रे चालवायला शिकताना

अ‍ॅनिमेशन शिकू इच्छिणारी मुले भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "सर, सॉफ्टवेअर कोणतं घेऊ?" त्यामागोमाग दुसरा : "लॅपटॉप केवढ्याचा लागेल?" हे प्रश्न गैर नाहीत, आणि त्यांची उत्तरेही पुढे देतोच. परंतु तबला शिकायला निघालेल्याने नुसती शाईची आणि वादीची चौकशी करीत बसावे, तसा हा प्रकार होतो. हात कसा बसवायचा, हे कोणी विचारीत नाही. आज बोलायचे आहे ते त्याविषयी.

चित्र हलते म्हणजे नेमके काय होते? चित्रपटाच्या पडद्यावर सेकंदाला २४ चित्रे येऊन जातात. त्यांतले प्रत्येक चित्र स्थिरच असते. शेजारच्या दोन चित्रांत फरक थोडा असला, की आपली दृष्टी ती जोडून घेते आणि आपल्याला हालचाल दिसते. दादासाहेब फाळके यांनी १९१२ च्या सुमारास कुंडीत वाटाणा पेरला, त्याचे दररोज थोडे थोडे चित्रण केले आणि ते रोप पडद्यावर भराभर वाढताना दाखविले. त्यामागे हेच तत्त्व होते.

हाताने चित्रे काढून व्यंगचित्रपट करीत, तेव्हा मोठ्या स्टुडिओत कामाची वाटणी असे. मुख्य चित्रकार हालचालीतल्या महत्त्वाच्या अवस्था तेवढ्या काढी. हात वर गेला, हात खाली आला, अशी दोन चित्रे त्याची. मधली दहा-बारा सहायकांनी भरायची. त्या मुख्य चित्रांना 'की-फ्रेम' म्हणतात. कॅनडातील नेस्टर बर्टनिक आणि मार्सेली वाइन या शास्त्रज्ञांनी मधली चित्रे भरण्याचे काम संगणकावर सोपविले, आणि त्या तंत्राने केलेला 'हंगर' हा लघुपट १९७४ मध्ये निघाला. आजचे कोणतेही सॉफ्टवेअर उघडा, मूळ व्यवहार तोच आहे : अवस्था तुम्ही सांगायच्या, मधले अंतर संगणकाने भरायचे. हा सहायक अत्यंत आज्ञाधारक आहे. मात्र आपण काय हलवीत आहो, दगड की फुगा, याची त्याला गंधवार्ता नसते.

आता प्रत्यक्षच पाहू. 'ब्लेंडर' नावाचे सॉफ्टवेअर घ्या. ते फुकट मिळते. का मिळते ते मग सांगतो. उघडल्याबरोबर समोर एक करडा ठोकळा, एक कॅमेरा आणि एक दिवा दिसतो, आणि भोवती बटणांची अशी काही गर्दी, की रेल्वे इंजिनाच्या ड्रायव्हरच्या जागेवर आपल्याला कोणी चुकून बसविले असे वाटावे. घाबरायचे कारण नाही. त्यांतली नव्वद बटणे पहिले दोन महिने लागत नाहीत. चाक असलेला साधा माउस तेवढा जवळ ठेवा; ते चाक दाबून धरल्याशिवाय दृश्याभोवती सुखाने फिरता येत नाही. ठोकळा काढून टाका आणि त्या जागी एक गोल आणा. झाला आपला चेंडू. तो वर असताना एक की-फ्रेम, जमिनीला टेकला की दुसरी, पुन्हा वर गेला की तिसरी. चालवून पाहा.

चेंडू खाली येतो. पण जमिनीजवळ आल्यावर हळू होतो, अलगद टेकतो आणि पुन्हा सावकाश वर जातो. पाण्यात सोडल्यासारखा.

गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयातला एक विद्यार्थी इथेच अडला होता. शहरातल्या एका क्लासची फी त्याच्या वडिलांनी दुधाच्या बिलातून हप्त्याहप्त्याने भरलेली. सहा महिन्यांत त्याला मेनू तोंडपाठ झाले होते; चकाकणारे अंतराळयानही त्याने केले होते. पण चेंडू काही पडेना. मला म्हणाला, "सर, माझ्या अंगात कलाच नाही बहुतेक. सोडून देतो." मी मराठीचा मास्तर, मला त्यातले किती कळणार! त्याला घेऊन पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकांकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतले, हातातला खडू टेबलावर पडू दिला आणि विचारले, "गॅलिलिओ वाचलास का?"

गॅलिलिओने दाखविलेला नियम असा : पडणारी वस्तू सारख्या कालखंडांत सारखे अंतर कापीत नाही. पहिल्या खंडात १ भाग, दुसऱ्यात ३, तिसऱ्यात ५, चौथ्यात ७, असे ते अंतर वाढत जाते. चार फुटांवरून चेंडू सोडला तर तो सुमारे अर्ध्या सेकंदात, म्हणजे १२ चित्रांत जमिनीवर येतो. त्यांपैकी पहिल्या ३ चित्रांत तो जेमतेम ३ इंच खाली येतो. पुढच्या तीनांत ९ इंच, त्यापुढे १५ आणि शेवटच्या तीनांत २१. बेरीज करून पाहा, ४८ इंच भरतात. वर तो रेंगाळतो आणि जमिनीवर सर्वांत वेगात आपटतो. संगणकाने नेमके जमिनीपाशीच त्याला आवरले होते, कारण दोन्ही टोकांना सावकाश व्हायचे, ही त्याची नेहमीची रीत.

ती रीत मोडता येते. ब्लेंडरमध्ये हालचालीचा आलेख दिसतो : आडवा काळ, उभी उंची. आलेखाच्या वरच्या टोकाला टेकडीसारखी गोलाई राहू द्यायची. जमिनीच्या बिंदूवर मात्र ती काढून टोकदार कोन करायचा. तो बिंदू निवडून 'व्ही' हे अक्षर दाबले की यादी येते, त्यात 'व्हेक्टर' निवडायचे. एवढ्यावर चेंडू पडू लागतो. त्या मुलाने तो पडताना पाहिला आणि पाच-सहा वेळा पुन्हा पुन्हा चालविला.

याच्या पुढची गंमत वजनाची आहे. चांगला रबरी चेंडू ४८ इंचांवरून पडून समजा २७ इंच उडाला, तर त्याला वर जायला ९ चित्रे आणि उतरायला ९ चित्रे लागतात. त्यापुढची उडी १५ इंचांची, तिला दोन्ही बाजूंना सात-सात चित्रे. तोच गोल वापरा, रंगही बदलू नका. फक्त पहिली उडी दोन इंचांची ठेवा आणि दुसरी रद्द करा. पाहणारा म्हणेल, नारळ पडला! वस्तू जड की हलकी, हे पाहणाऱ्याला तिच्या चकाकीवरून फारसे कळत नाही. चित्रांच्या अंतरावरून ताबडतोब कळते. जॉन लॅसेटर यांनी १९८७ मध्ये एक निबंध वाचून हाताच्या चित्रकारांची ही जुनी तत्त्वे संगणकवाल्यांपुढे मांडली. क्लासचे माहितीपत्रक हाती आले, तर त्यात या गोष्टीला किती दिवस दिले आहेत ते पाहावे, आणि मगच पैसे मोजावेत.

आता पैशांचेच. ब्लेंडर मूळचे हॉलंडचे, टॉन रोझेंडाल यांनी घडविलेले. ते विकणारी कंपनी २००२ मध्ये बुडाली, तेव्हा वापरणाऱ्यांनीच वर्गणी काढून एक लाख युरो जमविले आणि ते सर्वांसाठी खुले करून घेतले. म्हणून ते फुकट आहे. फुकटचे म्हणून कमअस्सल, असे मात्र समजू नये. २०२५ मध्ये ऑस्कर मिळविणारा 'फ्लो' हा लॅटव्हियाचा मांजराचा चित्रपट याच सॉफ्टवेअरवर झाला. चेंडूच्या अभ्यासाला घरातला बेताचा संगणकही पुरतो.

तयार चित्रे काढून घेताना मात्र वेळ लागतो. १० सेकंदांची २४० चित्रे. एकेकाला २ मिनिटे धरली तरी ८ तास. आपल्याकडे तेवढ्या वेळात वीज जायचीच. म्हणून एकदम चित्रफीत न बनविता सुटी चित्रेच साठवावीत. वीज गेली तरी झालेली चित्रे शाबूत राहतात, आणि पुढच्या क्रमांकापासून काम चालू करता येते.

चेंडू आणि नारळ जमले की पिठाचे अर्धे भरलेले पोते घ्यावे. व्यंगचित्रपटांच्या जगातला हा जुना धडा आहे. त्याला नाक नाही, डोळे नाहीत, हातपाय म्हणून फक्त चार कोपरे. ते पोते थकून बसले आहे, एवढेच दाखवायचे. याला महिना लागला तरी लागू द्यावा.