घडीच्या सायकलीचा डायनमो: गैरसमज आणि वस्तुस्थिती

जालन्याहून किंवा मनमाडहून येणाऱ्या गाडीने सायंकाळी छत्रपती संभाजीनगरच्या स्थानकावर उतरून, फलाटाबाहेर वीस इंची चाकांची घडीची सायकल उलगडून चिकलठाण्याच्या कारखान्यात रात्रपाळीस जाणाऱ्या कामगाराच्या दृष्टीने दिवा ही चैनीची वस्तू नव्हे. जालना रस्त्यावरील अवजड रहदारीत तो त्याच्या जिवाचा बंदोबस्त आहे. तथापि अल्प खर्चात डायनमो बसविण्याचा बेत त्याने बोलून दाखविला की भोवतालची मंडळी जे आक्षेप घेतात, ते बहुधा जुन्या अनुभवाच्या अपुऱ्या अर्थावर उभे असतात, आणि त्यांपायी कोणी बिनदिव्याचा प्रवास करावा हे मला फार खटकते.

सर्वांत रूढ समज असा की, लहान चाकावर डायनमोचा दिवा मंद पेटतो. वास्तविक बाटलीच्या आकाराच्या परिचित डायनमोची फिरकी टायरच्या कडेवर घासत फिरते, आणि त्या कडेचा वेग, चाकाचा व्यास कितीही असो, सायकलीच्या वेगाहून किंचितच कमी असतो; सबब ताशी १५ किलोमीटर वेगाला मोठ्या सायकलीवर जेवढा प्रकाश मिळतो, जवळजवळ तेवढाच येथेही मिळतो. हबमध्येच सामावलेल्या डायनमोला तर लहान चाक लाभदायकच ठरते, कारण त्याच वेगाला २८ इंची चाकाचे मिनिटास सुमारे १२० फेरे होतात, तर २० इंचीचे सुमारे १६०. स्टर्मी-आर्चर या इंग्रज कंपनीने १९३६ साली असा हब बाजारात आणला होता, आणि गुणाने हा प्रकार आजही श्रेष्ठ आहे. परंतु त्यासाठी आरे काढून चाक पुन्हा बांधावे लागते, शिवाय कित्येक घडीच्या सायकलींच्या पुढच्या फोर्कची आतील रुंदी ७४ मिलिमीटर असते व सर्वसाधारण हबला १०० मिलिमीटर लागते. माफक ऐपतीच्या माणसाने काही शे रुपयांची बाटलीच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

डायनमोने सायकल जड होते, हा आक्षेप निराधार नाही, अतिशयोक्त आहे. प्रचलित डायनमो ६ व्होल्ट, ३ वॅटचा असतो. घर्षणात जाणारी शक्ती धरूनही स्वारावर आठ-दहा वॅटांचा भार पडतो, आणि सावकाश पायडल मारणारा माणूसही ७५ ते १०० वॅट शक्ती देत असतो. खरा जडपणा सदोष बसवणुकीतून येतो. फिरकीच्या आसाची रेषा पुढे वाढविली असता ती चाकाच्या आसाच्या मध्यातून गेली पाहिजे; लहान चाकाचा परीघ अधिक वक्र असल्याने तेथे अल्पसा तिरकसपणाही फिरकीस घसटत नेतो, टायर झिजवितो आणि कर्कश आवाज करतो. कडेवर बारीक खाचांची पट्टी असलेला टायर निवडल्यास पावसाळ्यात फिरकी घसरण्याचे प्रमाणही घटते.

खुलताबादहून दौलताबादचा घाट उतरताना दिवा उडतो, ही जुन्या स्वारांची तक्रार खरी होती. तिचे कारण मात्र केवळ वेग नव्हे. वेग वाढला की वेटोळ्याचा विरोधही वाढतो, त्यामुळे प्रवाह अर्ध्या अँपिअरच्या आसपासच राहतो; परंतु मागचा बल्ब आधीच गेलेला असला, तर त्याच्या वाट्याचा प्रवाहही पुढच्या बल्बमधून जाऊन त्याची तार वितळते. डायनमोसाठीच बनविलेल्या चांगल्या एलईडी दिव्यात अतिरिक्त दाबापासून संरक्षणाची तजवीज असते. मात्र कोणतीही बॅटरीची विजेरी डायनमोला जोडता येते, हा समज घातक आहे, कारण डायनमोचा प्रवाह क्षणोक्षणी दिशा पालटणारा आणि बॅटरीचा एकाच दिशेचा. क्रांती चौकातील सिग्नलला थांबताच अंधार होईल, ही भीतीही आता बाळगण्याचे कारण नाही. धारित्र असलेला दिवा चाक थांबल्यावरही काही मिनिटे तेवत राहतो.

घडीच्या सायकलीची खरी अडचण तारेची आहे, आणि तिच्याविषयी कोणीच बोलत नाही. एकच तार ओढून परतीचा मार्ग सांगाड्यावर सोपविण्याची जुनी रीत येथे बेभरवशाची, कारण बिजागऱ्यांतील रंग व वंगण प्रवाहास अडवितात. म्हणून दुहेरी तार घ्यावी. त्याहूनही सोयीचे म्हणजे डायनमो पुढच्या फोर्कवर, घडीत दाबला न जाणाऱ्या बाजूस, आणि दिवा फोर्कच्या माथ्यावर बसवावा, म्हणजे तार बिजागरी ओलांडतच नाही; मागे बॅटरीचा लाल दिवा पुरे, फक्त पुढचा दिवा वर सांगितलेल्या संरक्षणाचा असावा. पुढे बसविलेल्या डायनमोची पकड सैल झाली तर तो आऱ्यांत शिरून भीषण अपघात होऊ शकतो, तेव्हा त्याचा बोल्ट दर आठवड्यास पान्याने तपासावा.