एका अमोनियामागे आठ एटीपी

सोयाबीन फुलोऱ्यावर आलं की आंजी (मोठी) गावाच्या कुठल्याही वावरातलं एक झाड अलगद उपटा. मुळांना बारीक गोल गाठी दिसतील. त्यातली एक नखानं फोडा. आत चक्क गुलाबी! आपलं रक्त लाल करणाऱ्या हिमोग्लोबिनचा हा नातलग, लेगहिमोग्लोबिन.

झाडाच्या मुळात याचं काय काम? गाठीत ब्रॅडीरायझोबियम जिवाणू राहतात आणि हवेतल्या नत्राचा अमोनिया करतात. ते काम करणारं नायट्रोजनेज विकर ऑक्सिजन लागला की निकामी होतं. म्हणून हे गुलाबी प्रथिन ऑक्सिजन धरून ठेवतं आणि जिवाणूंना श्वासापुरताच देतं. खताच्या कारखान्यात याच कामाला चारशे अंशांची भट्टी आणि प्रचंड दाब लागतो. इथे ओली काळी माती पुरते!

आता हीच क्रिया पडद्यावर मांडू. पेशीतल्या रासायनिक क्रियांचे नकाशे काढायला ‘एशर’ नावाचं सॉफ्टवेअर आहे. त्यावरचा शोधनिबंध २०१५ साली आला. नकाशात रेणूचा ठिपका म्हणजे वस्तू, पण क्रियेचा ठिपका म्हणजे घटना. नायट्रोजनेजच्या ठिपक्यात एका बाजूनं नत्राचा १ रेणू, ८ इलेक्ट्रॉन, ८ प्रोटॉन आणि ऊर्जा पुरवणाऱ्या एटीपीचे तब्बल १६ रेणू शिरतात. दुसऱ्या बाजूनं अमोनियाचे २ रेणू, हायड्रोजनचा १ आणि वापरलेले १६ एडीपी, फॉस्फेटसह.

ठिपका ओढा, फिरवा. बाण मागोमाग येतात, नाती तुटत नाहीत. खरी पंचाईत एटीपीची. तो शेकडो क्रियांत हजर! एकदाच काढला तर सगळे बाण त्याच्यावर धावून काळा गुंता होतो. लग्नातला वाढपी प्रत्येक पंगतीत दिसतो, तसा एटीपी प्रत्येक क्रियेशेजारी नव्यानं, लहान काढतात. मुख्य कोण आणि दुय्यम कोण, हे एका कळीनं बदलतं. पेशीला हा भेद ठाऊकच नाही! आणि नकाशातून क्रिया पुसली तरी मागच्या गणिती मॉडेलमध्ये ती शाबूत असते.

त्या ८ इलेक्ट्रॉनांपैकी २ हायड्रोजन बनवण्यात जातात. निव्वळ उधळपट्टी! पण काही जिवाणूंकडे हायड्रोजनेज असतं. ते हाच हायड्रोजन वापरून थोडी ऊर्जा परत मिळवतं. त्यांच्या नकाशात क्रियेचा आणखी एक ठिपका जोडायचा, आणि कोपऱ्यात लहान काढलेला हायड्रोजन मोठा करायचा, कारण आता वाट त्याच्यावरूनच पुढे जाते.