तापलेली मोटार आणि प्लास्टिकची मॉडेल कार : गैरसमज आणि वस्तुस्थिती

उन्हात उभ्या असलेल्या मोटारीत प्लास्टिकची मॉडेल कार काही तास राहिली, तर तिचे छत खचते, बोनेट कमानीसारखे वर उचलले जाते, चारही चाके एकाच वेळी टेबलाला टेकेनाशी होतात आणि कित्येक महिन्यांचे जोडकाम व रंगकाम एका दुपारीत वाया जाते. अमेरिका, जपान आणि युरोपात या छंदाची प्रदर्शने भरतात व तेथे जाताना तयार मॉडेले मोटारीतूनच न्यावी लागतात, त्यामुळे तेथील छांदिष्टांना ही हानी चांगलीच ठाऊक आहे. आणि मे महिन्यात नागपूर, अकोला, चंद्रपूर या शहरांत पारा ४५ अंश सेल्सिअसच्या वर जातो हे ध्यानात घेतले, तर महाराष्ट्रातील छांदिष्टालाही ती दूरची म्हणता येत नाही. मात्र या हानीविषयी जे सर्वसाधारणपणे बोलले जाते त्यातील बराच भाग चुकीचा आहे, आणि कारणच चुकीचे समजल्यामुळे उपायही चुकीचे योजले जातात.

सर्वांत पक्का गैरसमज असा की मॉडेल ‘वितळते’, आणि प्लास्टिक वितळण्याइतकी मोटार तापत नसल्याने धोका फारसा नाही. बहुतेक मॉडेल कारचे सुटे भाग पॉलिस्टायरीन या प्लास्टिकचे, बहुधा त्याला चिवटपणा यावा म्हणून थोडे रबर मिसळलेल्या प्रकाराचे, असतात. पॉलिस्टायरीन हे बहुवारिक आहे, म्हणजे एकाच लहान रेणूची पुनःपुन्हा जोडणी होऊन बनलेल्या लांबलचक साखळ्यांचा तो पदार्थ आहे. आणि नेहमीच्या पॉलिस्टायरीनमध्ये या साखळ्या स्फटिकासारख्या शिस्तीने रचलेल्या नसून एकमेकींत गुंतलेल्या असल्यामुळे त्याला बर्फासारखा निश्चित वितळणबिंदू नसतो. त्याऐवजी त्याला ‘काचसंक्रमण तापमान’ असते. या तापमानाच्या खाली साखळ्या जागच्या जागी जखडलेल्या राहतात व पदार्थ काचेसारखा ताठ असतो. त्याच्या वर त्या सरकू लागतात व पदार्थ रबरासारखा लवचीक होतो. शुद्ध पॉलिस्टायरीनच्या बाबतीत हे तापमान सुमारे १०० अंश सेल्सिअस आहे. उभ्या मोटारीतील हवा इतकी कधीच तापत नाही हे खरे असले, तरी त्यावरून मॉडेल सुरक्षित आहे असा निष्कर्ष काढता येत नाही, कारण आकार बिघडण्याची सुरुवात त्याच्या बऱ्याच आधी होते.

या आधीच्या बिघाडाचे एक कारण मॉडेलच्या जन्मातच दडलेले आहे. सुटे भाग इंजेक्शन मोल्डिंगने बनतात, म्हणजे २०० अंशांच्या वर तापवलेले पातळ प्लास्टिक मोठ्या दाबाने पोलादी साच्यात ढकलले जाते आणि थंड साच्याला टेकताच ते काही सेकंदांत घट्ट होते. साच्याच्या अरुंद वाटांतून धावताना साखळ्या प्रवाहाच्या दिशेने ताणल्या जातात व पुन्हा सैल होण्याची उसंत मिळण्याआधीच गोठतात; भागात अडकून राहिलेल्या या ताणाला ‘अवशिष्ट ताण’ म्हणतात. नेहमीच्या तापमानाला तो निष्क्रिय राहतो. पण भाग ७०–८० अंशांकडे सरकू लागला की साखळ्या सैल होण्याचा प्रयत्न करतात, आणि जिथे ताण अधिक अडकलेला असेल तिथला भाग आखडतो, तर शेजारचा तसाच राहतो. परिणामी संपूर्ण पत्रा पीळ खातो. एकाच मोटारीत शेजारीशेजारी ठेवलेल्या दोन मॉडेलांपैकी एक बिघडते व दुसरे जसेच्या तसे राहते, यामागे पुष्कळदा साच्याच्या रचनेतील आणि भाग थंड करण्याच्या वेगातील हा फरक असतो.

दुसरे कारण ‘विसर्पण’ हे होय. भार तोच असूनही केवळ वेळ गेल्यामुळे पदार्थ हळूहळू वाकत जाणे म्हणजे विसर्पण, आणि तापमान वाढले की त्याचा वेग वाढतो. उन्हाळ्यात कपाटात दोन टोकांवर आडवी टेकवून ठेवलेली मेणबत्ती न वितळताच मधोमध वाकते, तोच हा प्रकार. मॉडेल कारचे छत काडीएवढ्या बारीक खांबांवर पेललेले असते व त्याचा पत्रा जेमतेम मिलिमीटर-दीड मिलिमीटर जाडीचा असतो, म्हणून खचण्याची सुरुवात तिथूनच होते. त्यात सांधे नुकतेच जोडलेले असले तर धोका वाढतो, कारण पॉलिस्टायरीनचा गोंद दोन्ही पृष्ठभाग विरघळवून एकजीव करतो आणि त्यातील द्रावक पूर्णपणे उडून जाईपर्यंत तेवढा पट्टा मऊच राहतो. पक्का जोडलेला भाग हा सर्वांत मजबूत भाग, ही समजूत त्यामुळे ताज्या जोडकामाला लागू पडत नाही.

याखेरीज साधे औष्णिक प्रसरण, म्हणजे तापल्यामुळे पदार्थाचे फुगणे, हेही विसरून चालत नाही. पॉलिस्टायरीनचा प्रत्येक मीटर तापमानाच्या प्रत्येक अंशामागे सुमारे ०.०७ मिलिमीटर लांबतो, तर पोलाद त्याच्या जवळजवळ एकषष्ठांशच लांबते. साडेचार-पाच मीटर लांबीच्या अमेरिकी मोटारीचे १:२५ प्रमाणातील मॉडेल सुमारे २० सेंटिमीटरांचे असते. ते ४० अंशांनी तापले तर अर्ध्या मिलिमीटरहून थोडे अधिक वाढते, जे खऱ्या मोटारीच्या मापात सुमारे १४ मिलिमीटर होतात. मॉडेल मोकळे असेल तर निवल्यावर ते मूळ मापावर येते. परंतु पोलादी आस, पक्की चिकटवलेली पारदर्शक काच किंवा तळपट्टीतले स्क्रू यांनी ते जखडलेले असेल, तर हीच वाढ सांध्यावर जोर देते. मग काचेच्या कडेला केसासारखी तड जाते किंवा रंगाचा थर फाटतो. ‘आकार बिघडला नाही म्हणजे काहीच झाले नाही’ हेही म्हणूनच खरे नव्हे.

आता मोटारीकडे वळता येईल, कारण तिच्याविषयीचे अज्ञान प्लास्टिकविषयीच्या अज्ञानाहून कमी नाही. काचेतून आत आलेला सूर्यप्रकाश डॅशबोर्ड व आसनांवर शोषला जातो, ते पृष्ठभाग तापतात व त्यांतून निघणाऱ्या लांब तरंगलांबीच्या अवरक्त किरणांना काच सहज बाहेर जाऊ देत नाही. शिवाय बंद मोटारीत बाहेरच्या हवेशी अदलाबदल होत नसल्यामुळे तापलेली हवाही आतच कोंडते. काचा थोड्या खाली ठेवल्या की प्रश्न मिटला, असे अनेकांना वाटते. कॅलिफोर्नियातील वैज्ञानिकांनी २००५ साली ‘पीडिअ‍ॅट्रिक्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या मोजमापांत बाहेर २२ ते ३६ अंश तापमान असताना मोटारीतील हवा तासाभरात सरासरी सुमारे २२ अंशांनी वाढली, त्यातील ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली, आणि काचा सुमारे ४ सेंटिमीटर उघड्या ठेवल्याने या वेगात नगण्य फरक पडला. तो अभ्यास मोटारीत मागे राहणाऱ्या लहान मुलांच्या जिवासाठी केला होता व त्याचे खरे महत्त्व तिथेच आहे. तरी ‘पाच-दहा मिनिटांत येतोच’ म्हणून मॉडेल आत ठेवणाऱ्यालाही त्यातील आकडे पुरेसे बोलके आहेत.

हवेचे तापमान हे पूर्ण चित्र नव्हे. अ‍ॅरिझोना राज्य विद्यापीठातील संशोधकांनी टेंपी येथे घेतलेल्या व २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नोंदींनुसार, बाहेर ३८ अंशांच्या आसपास तापमान असताना तासभर उन्हात राहिलेल्या मोटारींतील हवा सरासरी ४७ अंशांवर, आसने ५१ अंशांवर, स्टिअरिंगचे चाक ५३ अंशांवर, तर डॅशबोर्ड ६९ अंशांवर गेला होता. हवा आणि डॅशबोर्ड यांतील २२ अंशांचे हे अंतर म्हणजेच मॉडेल वाचणे आणि वाकणे यांतील अंतर होय. विदर्भातील मे महिन्याची दुपार या आकड्यांच्याही वरची असते. आणि काचेमागे थेट उन्हात ठेवलेले काळे किंवा गडद रंगाचे मॉडेल स्वतःच ऊन शोषून घेत असल्याने भोवतालच्या हवेपेक्षा बरेच अधिक तापते. म्हणून मॉडेल ठेवण्यास सर्वांत वाईट जागा डॅशबोर्ड आणि त्याखालोखाल मागच्या काचेखालची फळी. डिकीत थेट ऊन येत नसल्याने ती बरी, पण मागच्या काचेला लागून असलेली हॅचबॅकची डिकी वरून झाकलेली नसेल तर तिला हा लाभ मिळत नाही.

सावलीने मात्र खरा फरक पडतो. टेंपीच्याच नोंदींत सावलीतील मोटारींची हवा ३८ अंशांच्या जवळपास व डॅशबोर्ड ४८ अंशांवर राहिला, आणि पॉलिस्टायरीनच्या दृष्टीने हे तापमान सहसा निरुपद्रवी असते. उष्णतेच्या नुसत्या उल्लेखानेही घाबरणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे, कारण अनेक अनुभवी कारागीर रंग लवकर सुकावा म्हणून मॉडेलचा सांगाडा फळे-भाज्या वाळवण्याच्या विजेच्या यंत्रात ४०–४५ अंशांवर मुद्दाम तासन्‌तास ठेवतात व त्याला काहीही होत नाही. मूळ खोक्यात बांधून ठेवलेले मॉडेल सुरक्षित असते, ही समजूत मात्र अर्धीच खरी आहे. पुठ्ठा ऊन अडवतो व तापण्याचा वेग कमी करतो, पण मोटार दिवसभर उभी राहिली तर खोक्याच्या आतही मोटारीतलेच तापमान पोहोचते.

मॉडेल म्हणजे पॉलिस्टायरीनच, असे गृहीत धरल्यानेही मोठे नुकसान होते. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारविक्रेते नव्या मोटारींची जाहिरात म्हणून त्यांच्या हुबेहूब छोट्या प्रतिकृती देत, आणि १९५०च्या दशकातील अशा कित्येक प्रतिकृती सेल्युलोज अ‍ॅसिटेटच्या होत्या. १९६०च्या सुमारास उत्पादक पॉलिस्टायरीनकडे वळले. अ‍ॅसिटेटला लवचीकपणा यावा म्हणून त्यात प्लास्टिसायझर, म्हणजे साखळ्यांमध्ये शिरून पदार्थ मऊ ठेवणारे द्रव्य, मिसळलेले असते. ते वर्षानुवर्षे उडून जाते, प्लास्टिक हवेतील ओलावाही शोषते, आणि मॉडेल उन्हात न जाताही आखडून वाकडे होते. आज या काळातील प्रतिकृती वाकडी दिसली की ‘कुणीतरी ती मोटारीत ठेवली होती’ असा ठपका सहज ठेवला जातो, परंतु बहुधा तो अन्यायाचा असतो. उष्णता ही क्रिया झपाट्याने पुढे नेते, पण ती सुरू होण्यास उष्णतेची गरज नसते. जुन्या चित्रपटांच्या अनेक फितीही याच पदार्थाच्या असत, आणि त्या विघटित होऊ लागल्या की व्हिनेगरसारखा आंबट वास सुटतो. पुण्यात १९६४ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयासारख्या संस्थांना फिती थंड, कोरड्या कक्षांत जपाव्या लागतात त्यामागे हे मोठे कारण आहे.

थ्रीडी छपाईने बनवलेल्या मॉडेलांची स्थिती याहून नाजूक असते. त्यांत पुष्कळदा वापरल्या जाणाऱ्या पीएलए या प्लास्टिकचे काचसंक्रमण तापमान ५५ ते ६० अंश एवढेच असल्यामुळे टेंपीतील डॅशबोर्डवर ते टिकलेच नसते. प्रकाशाने घट्ट होणाऱ्या अनेक साध्या राळाही याच तापमानाच्या सुमारास मऊ पडतात.

धातूच्या, म्हणजे डायकास्ट, मॉडेलांना उष्णतेचे भय नाही असेही मानले जाते. त्यांचा सांगाडा जस्त व अ‍ॅल्युमिनियम यांच्या मिश्रधातूचा असतो व तो ३८० अंशांच्या आसपास वितळतो, तेव्हा सांगाड्यापुरते हे खरे आहे. पण काचा, आसने आणि पुष्कळदा तळ व टायरही प्लास्टिकचेच असतात. त्यातही टायर हा वेगळाच शत्रू आहे, मग मॉडेल धातूचे असो वा प्लास्टिकचे. मऊ टायर बहुधा प्लास्टिसायझर मिसळलेल्या पीव्हीसीचे असतात, हे द्रव्य शेजारच्या पॉलिस्टायरीनमध्ये झिरपते व त्याला मऊ करून खाऊन टाकते. १९६०–७०च्या दशकांतील न उघडलेल्या खोक्यांतही पारदर्शक काचेवर टायरच्या खाचांचा हुबेहूब ठसा उमटलेला सापडतो. थंड खोलीत वर्षे घेणारे हे झिरपणे तापलेल्या मोटारीत कितीतरी वेगाने घडते, म्हणून प्रवासात टायर वेगळ्या पिशवीत ठेवणे किंवा टायर आणि रिम यांच्यामध्ये धातूच्या वर्खाचा पापुद्रा घालणे हिताचे. पिवळेपणा आणि उडालेला रंग हे मात्र मुख्यतः जंबुपार किरणांचे काम आहे. पुढची दुपदरी काच ते बऱ्याच अंशी अडवते, बाजूच्या साध्या काचांतून त्यांतील मोठा भाग आत येतो.

शेवटचा गैरसमज दुरुस्तीविषयीचा. वाकलेला भाग गरम पाण्यात बुडवून किंवा केस वाळवण्याच्या यंत्राने तापवून सरळ करता येतो, हे राळेच्या ओतीव भागांबाबत बरेचसे खरे आहे व कारागीर ते नेहमी करतात. पॉलिस्टायरीनचा भाग केवळ स्वतःच्या वजनाने वाकला असेल तर तोही काळजीपूर्वक काही प्रमाणात सरळ होतो. पण साच्यातला अवशिष्ट ताण सुटल्यामुळे भाग आखडला असेल, तर त्याची लांबी कमी झालेली असते व पुन्हा तापवल्याने ती परत येत नाही, उलट आणखी घटण्याची शक्यता असते. चकाकीसाठी ज्यावर अ‍ॅल्युमिनियमच्या वाफेचा अतिशय पातळ थर चढवलेला असतो असे बंपर व जाळ्या सुरकुतल्या, तर तो थर पूर्ण काढून नव्याने चढवण्याखेरीज इलाज नाही.

मॉडेल मोटारीतून नेताना ते शेवटी ठेवावे व सर्वांत आधी उतरवावे, आणि वाटेत जेवणासाठी थांबायचे असेल तर खोके बरोबर घेऊन जावे. संग्राहकांना आणखी एक आग्रहाची विनंती करावीशी वाटते ती अशी की प्रत्येक मॉडेलच्या खोक्यावर ते कोणत्या प्लास्टिकचे आहे, टायर कशाचे आहेत आणि जोडकाम केव्हा झाले हे लिहून ठेवावे, कारण रंग चढल्यानंतर अ‍ॅसिटेट, पॉलिस्टायरीन आणि पीएलए यांतला फरक नुसत्या नजरेला कळत नाही आणि मॉडेल पुढे ज्याच्या हाती जाईल त्याला तो सांगणारे दुसरे कुणी नसते.